सुलूच्या ओसरीवरचे रविवार

सुलू, तुझ्या मातीच्या दिवशी पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या जुन्या मैत्रीण. चार शब्द बोला." मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना वाटलं असेल, ही बौद्ध बाई, ख्रिस्ती माणसाच्या मातीला बोलायचा संकोच वाटत असेल. संकोच कसला! बोलायला उभी राहिले असते, तर दवाखान्यात तू मला जे म्हणालीस ते तोंडातून निघून गेलं असतं, आणि समोर तुझी रेबेका उभी होती. म्हणून गप्प राहिले. आता घरी बसून तुझ्याशीच बोलते. तुझ्याशी बोलायला मला कधी जड गेलं नाही. भांडायला तर नाहीच.

आखाडा बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून आले आणि तुझ्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा माझं सामान अजून दारातच होतं. तू पाण्याची घागर आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "जयभीम, बाई." मी चमकले. तू कोण, काय, काही कळेना. विचारलं तर हसत म्हणालीस, "आमी ख्रिस्ती. आमाला सलाम म्हणायचं." तेव्हापासून शेवटपर्यंत तू मला जयभीम घालत आलीस आणि मी तुला सलाम.

पुढं बोलता बोलता कळलं की तुझे आजोबा आणि माझे आजोबा एकाच तऱ्हेच्या वस्तीतले, गावाच्या कडेला राहणारे. तुझ्या आजोबांनी निजामाच्या राज्यात येशू धरला. माझ्या वडिलांनी बऱ्याच वर्षांनी बुद्ध धरला. मी म्हणायची, आमच्याकडं बरं आहे, कुणापुढं हात पसरावा लागत नाही. तू म्हणायचीस, "बापापुढं हात पसरायला लाज काहून वाटावी, विमल?" मी म्हणायची, बाप असेल तर ना. आणि तू मला चहा ओतायचीस. आपलं हे भांडण इतक्या वेळा झालं, पण तुझा आवाज चढला असं एकदाही झालं नाही. मला त्याचाच राग यायचा.

योहानभाऊ एसटीत ड्रायव्हर होते तेव्हापासून तुझ्या ओसरीवर रविवारी माणसं जमायची. भाऊ गेले, रेबेका लग्न होऊन पुण्याला गेली, तरी तू ते बंद केलं नाहीस. सकाळपासून तुझी चूल पेटलेली असायची. वरण, भात, ज्वारीच्या भाकरी, कधी वांगी, कधी नुसता ठेचा. नांदेडला दवाखान्यात जाणारी, परत येणारी, बस चुकलेली, कोर्टकचेरीची कामं घेऊन आलेली, हळद काढायला आलेली मजूर माणसं. ज्याला कुणी "त्या घरी जा, पाणी मिळंल" असं सांगितलं, तो यायचा. त्यात चारदोन घरं ख्रिस्ती असायची, बाकी कुणीही.

पाळकसाहेबांचं म्हणणं होतं, आधी प्रार्थना व्हावी, मग जेवण. तू ऐकलं नाहीस. "उपाशी माणसाचं ध्यान भाकरीकडं राहतं, साहेब. आधी जेवू द्या. जेवून ज्याला जायचं त्यानं जावं, बसायचं त्यानं बसावं." आणि खरंच, निम्मी माणसं हात धुऊन निघून जायची. मी तुला चिडवायची, "बघ, गेली तुझी मेंढरं." तू म्हणायचीस, "जाऊ दे ना. त्यांना तेवढीच भूक व्हती." त्या शब्दांत टोचणं नव्हतं. ज्यांना तेवढीच भूक होती त्यांना तू पुढच्या रविवारीही तितक्याच मायेनं वाढायचीस.

मी प्रार्थनेला बसायची नाही. मागं मोरीत भांडी घासायची. तू आपल्या बोलीत बोलायचीस, घरच्या माणसाशी बोलावं तसं. "बाबा, या बाईच्या नवऱ्याची दारू सुटंना. आमी सांगून थकलो. आता तू बघ." मी राखेचा हात थांबवून ऐकायची. विश्वास नव्हता, पण ऐकायला बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

गयाबाईला तुझ्याकडं मी पाठवलं.

ती डोंगरकडा गावाच्या बाजूची, मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या घरची. दवाखान्यात सारखी यायची. छातीत दुखतं, झोप लागत नाही, अन्न जात नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. एकदा सुई टोचता टोचता मी विचारलं, "बाई, घरी काय झालंय?" तेव्हा तिनं सांगितलं. तिची एकुलती एक लेक मुक्ता. लग्न ठरलेलं. शेजारच्या रानातल्या शेततळ्यात शेळी पडली, तिला काढायला ती उतरली. त्या तळ्यांना आत प्लास्टिक अंथरलेलं असतं. एकदा पाय सरकला की धरायला काही नसतं. शेळी वर आली. मुक्ता आली नाही.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, मला फकत एकच इचारायचं हाय. माझी मुक्ता आता कुठं हाय? सगळ्या देवांना जाऊन आले, अंगात येणाऱ्याला इचारलं, महाराजाला इचारलं. कोनी म्हणतं करणी हाय, कोनी म्हणतं मागल्या जन्माचं पाप हाय. ती कुठं हाय ते कोनीच सांगंना."

माझ्याकडं तिला द्यायला काही नव्हतं. जे गेलं ते गेलं, दुःख आहे हे मान्य करावं आणि जगावं, असं आमच्या विहारात सांगतात आणि मला ते पटतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून ते बोलायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "स्टँडच्या मागं सुलूबाई राहते. रविवारी जा तिच्याकडं."

ती आली. तू ताट वाढलंस, तिनं हात लावला नाही. ताटाकडं बघत तोच प्रश्न तुला विचारला. मला वाटलं, आता तू स्वर्ग, देवदूत वगैरे सांगशील. तू पाटावरून उठून तिच्याजवळ खाली बसलीस आणि म्हणालीस, "मला ती दिसत न्हाई, गया. मी खोटं कशाला बोलू? पण ज्याच्याजवळ ती हाय, तो तिला टाकणार न्हाई, येवढं मला ठाऊक हाय."

"बराबर ठाऊक हाय?"

"बराबर."

"तुमाला कोनी सांगितलं?"

तू म्हणालीस, "माझं पहिलं लेकरू माझ्या मांडीवर गेलं. मीबी हेच इचारत फिरले. लई दिवसांनी आतून उत्तर आलं. कसं आलं ते सांगता येत न्हाई."

मोरीत माझ्या हातातून पातेलं सुटलं. इतकी वर्षं शेजारी राहून, तुझ्या हातचं जेवून, मला ठाऊक नव्हतं की रेबेकाच्या आधी तुला एक लेकरू झालं होतं. मला सांगितलं नाहीस, आणि त्या परक्या बाईला पहिल्या भेटीत सांगितलंस. मला वाईट वाटलं. नंतर विचार केला, मी कधी विचारलंच नव्हतं, आणि तिला ते ऐकायची गरज होती. बघितलं तर गयाबाई भाकरीचा तुकडा मोडत होती.

त्यानंतर ती दर रविवारी यायची. कधी शेळीचं दूध आणायची, कधी रानातली चिवळची भाजी. दवाखान्यात यायचं बंद झालं. तिला वाचता येत नव्हतं. तू तुमचं शास्त्र, बायबल, वाचायचीस, येशूची गोष्ट आली की ती मध्येच थांबवून विचारायची, "म्हंजी तो मेंढरं राखणाराच व्हता म्हणा ना!" तू हसून म्हणायचीस, "तसंच म्हण." एकदा ती हसली. खळखळून हसली. तो आवाज मी अजून विसरलेली नाही. तो तुझ्यामुळं ऐकायला मिळाला, सुलू. आयुष्यभर मी सुया टोचल्या, गोळ्या दिल्या, बाळंतपणं केली. पण जितेपणी मेलेल्या माणसाला हसताना मी फक्त तुझ्या ओसरीवर पाहिलं.

मग तिनं एकदा विचारलं, "बाप्तिस्मा घेऊ का?" तू तिला जवळ बसवून म्हणालीस, "घाई करू नको. आधी घरी इचार. चोरून काही करू नको." पाळकसाहेब म्हणाले होते, बाईची इच्छा आहे तर थांबायचं कशाला? तरी तू थांबलीस. आणि तिनं घरी विचारलं.

पुढच्या रविवारी तिच्याऐवजी तिचा दीर आला. बरोबर गावातली काही माणसं, आणि इथली काही पोरं, ज्यांना गयाबाई कोण हेही ठाऊक नव्हतं. माणसं जेवायला बसलेली. एक पोरगा दारातूनच ओरडला, "बाया बाटवून राहिली का गं? भाकरी चारून धर्म इकत घेऊन राहिली?"

तू पदर सावरून उठलीस, तांब्या-पेला आणलास आणि म्हणालीस, "उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

त्या पोरानं पेला घेतला आणि तुझ्या पायाशी ओतला. गयाबाईचा दीर खाली मान घालून उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. तो तुला एवढंच म्हणाला, "बाई, तिला येऊ देऊ नका. गावात आमाला राहायचं हाय. उद्या आमच्या घरात कोनी सोयरीक करणार न्हाई."

तू म्हणालीस, "भाऊ, ती तिच्या पोरीला इचारायला येते. मी तिला दुसरं काहीच देत न्हाई."

"तेच म्हणून राहिलो," तो म्हणाला. "नका देऊ."

जेवायला बसलेली माणसं एकेक करून उठली. काहींची ताटं अर्धी होती. कुणी तुझ्या बाजूनं एक शब्द बोललं नाही. मी ओरडले, पोरांच्या अंगावर गेले, तर तूच मला दंडाला धरून मागं ओढलंस. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. जमादार भला माणूस, खुर्चीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, "बाई, कशाला तकलीफ करून घेता? तुमच्या घरात तुमी काय बी करा. बाहेरची माणसं जमवू नका, येवढंच."

त्या दिवशी आपण जे भांडलो ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, तू तक्रार कर. आपण गुन्हा केलेला नाही. मी येते, आमच्या विहारातल्या बाया येतात, वकील बघू. तू म्हणालीस, "तक्रार कोनावर? गयाच्या दिरावर? मंग गया त्या घरात राहील कशी?" मी म्हटलं, मग त्या पोरांवर कर. तू म्हणालीस, "ती लेकरं हायेत." मी म्हटलं, "तुझ्या असल्या बोलण्यानंच असली लेकरं माजतात. आमच्या बापांनी मान वर केली म्हणून आज आपण माणसात आहोत. तू परत वाकायला निघालीस." तुझे डोळे भरले. म्हणालीस, "मी वाकत न्हाई, विमल. मी दार उघडं ठेवून राहिले." मी म्हटलं, उघड्या दारातून कुणी येणार नसेल तर त्याचा काय उपयोग? मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. आणि बरोबर असूनही मला त्यातून काही मिळालं नाही.

कारण खरंच कुणी आलं नाही. ती चारदोन ख्रिस्ती घरं नांदेडच्या चर्चला जाऊ लागली. मजूर, वाटसरू, बस चुकलेली माणसं तुझं घर टाळून पुढच्या हॉटेलात पाणी पिऊ लागली. तू मात्र दर रविवारी चूल पेटवायचीस. चटया अंथरायचीस. वरणाचं पातेलं तेवढंच मोठं. मी यायची, आपण दोघी जेवायचो, उरलेलं मी विहाराकडच्या गल्लीत वाटायची. मी म्हणायची, अगं, कमी कर की स्वयंपाक. तू म्हणायचीस, "आणि कोनी आलं तर?" रेबेका फोनवर रडायची, पुण्याला चल म्हणायची. तू गेली नाहीस. गयाबाई एकदा तरी येईल, या आशेवर तू बसली होतीस, हे रेबेकाला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मग पायांना सूज आली, साखर वाढली, मूत्रपिंडं निकामी होत गेली. नांदेडला न्यायचं, मशीनवर घालायचं, परत आणायचं. मी रिटायर झाले होते, तुझ्याबरोबर यायची. गाडीत तू खिडकीकडं तोंड करून बसायचीस. प्रार्थनेत ओठ हलताना दिसायचे. काही महिन्यांनी ते थांबलं. मला वाटलं, थकव्यानं.

शेवटच्या वेळी भरती केलं त्या दुपारी रेबेका जेवायला खाली गेली होती. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "विमल, तू म्हणतीस ते खरं असंल का?"

"काय?"

"की तिकडं कोनी न्हाई."

आयुष्यभर हे बोलणं मी तुझ्याकडून ऐकायची वाट बघितली असेल असं कुणाला वाटेल. मला पळून जावंसं वाटलं.

तू बोलत राहिलीस. "माणसं येत व्हती तवा त्यांच्यासंगं तोबी येत व्हता. ओसरी भरली की मला कळायचं, तो बसला हाय. आता प्रार्थना करते, तर भिंतीशी बोलल्यावानी होऊन राहिलं. आणि गयाला मी बराबर ठाऊक हाय म्हणले व्हते. ते तिच्या जिवाला धरून ती बसली असंल. मला ठाऊक व्हतं का, विमल? का मला तिचं तोंड बघवत न्हवतं म्हणून म्हणले?"

मी म्हणायला हवं होतं की आहे, तो आहे, तू झोप. दवाखान्यात मी कितीतरी मरणाऱ्या माणसांना "बरं वाटेल हं" असं म्हटलेलं आहे. तुझ्यापुढं ते जमलं नाही. तू कधी कुणाशी खोटं बोलली नाहीस, तुझ्याशी मी कसं बोलू? मी नुसती तुझा हात चोळत राहिले. तू वाट बघितलीस, थोडा वेळ, आणि मग डोळे मिटलेस. रेबेका वर आली तेव्हा म्हणाली, "मम्मीला शांत झोप लागली बघा."

त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

नांदेडच्या दफनभूमीत तुला ठेवलं. रेबेका, जावई, पाळकसाहेब, चर्चची थोडी माणसं. खांदा द्यायला माणसं कमी पडली, म्हणून आमच्या विहारातली पोरं आली. गाणी म्हटली गेली. पाळकसाहेब म्हणाले, सुलोचनाबाईंचा विश्वास शेवटच्या श्वासापर्यंत अढळ होता. रेबेकानं माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली, हो म्हणून. तुझ्या ओसरीवर जेवलेल्या माणसांतलं कुणी दिसतंय का, म्हणून मी फाटकाकडं बघत होते. माती लोटून झाली. कुणी नव्हतं.

परवा बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन स्टँडवरून येत होते, तर तुझ्या दाराशी गयाबाई उभी. किती वाळली आहे ती. दिराच्या मुलाचं लग्न होऊन गेलं होतं, आता घरात तिच्यावर कुणाची नजर नव्हती, म्हणून आली होती. मला बघून म्हणाली, "सुलूबाई कुठं गेल्या? दाराला कुलूप हाय."

तिला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसली. रडली नाही. मग तिनं विचारलं, "लई तकलीफ झाली का?" मी म्हटलं, नाही. "शेवटाला काय म्हणल्या?"

"तुझी आठवण काढली," मी म्हटलं. एवढं खरं होतं, म्हणून ते मला बोलता आलं.

तिच्या तोंडावर उजेड आल्यासारखं झालं. माझा हात धरून ती म्हणाली, "त्या म्हणल्या व्हत्या, मी आधी गेले तर मुक्ताला भेटीन, तुझा निरोप सांगीन. भेटल्या असतील ना, बाई?"

सुलू, तिला एक शब्द हवा होता. मी म्हटलं, "असतील."

ती माझ्याकडं बघत राहिली. मेंढरं राखणारी बाई, लांबून आभाळाचा रंग ओळखते, तिला माझं तोंड वाचायला कितीसा वेळ लागणार? तिनं माझा हात सोडला. रागानं नाही, हळूच. म्हणाली, "तुमचा इस्वास न्हाई, बाई. मंग काहून म्हणता?"

मी म्हटलं, "गया, घरी चल. जेवून जा. मी बाजूलाच राहते. दर रविवारी ये, मी करीन स्वयंपाक."

"जेवण घरी हाय, बाई," ती म्हणाली. "तुमाला प्रार्थना येती का?"

तुझे सगळे शब्द मला पाठ आहेत. इतकी वर्षं मोरीत बसून ऐकलेत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "बाबा" म्हणून सुरुवात केली. तू म्हणायचीस तसंच म्हणायचं होतं. दोन वाक्यांपुढं माझा आवाज निघेना. माझ्या हाताखाली तिचं डोकं स्थिर होतं, ती वाट बघत होती. मग तिनंच माझा हात खाली घेतला आणि म्हणाली, "राहू द्या, बाई. तुमाला कशाला तरास."

मी तिला डोंगरकड्याच्या रिक्षापर्यंत सोडायला गेले. ती मागं, कडेला बसली. रिक्षा भरेपर्यंत मी तिथंच उभी होते. ती मनातल्या मनात काही म्हणत असेल, तुझ्याकडून शिकलेलं एखादं वाक्य तरी, म्हणून मी दोन पावलं पुढं जाऊन तिच्या ओठांकडं बघितलं. ते हलत नव्हते.